देणगी कॉलेजला की संस्थेला?

‘कॉलेज अनुदानित आहे ना, मग देणगीदारांची यादी माहिती अधिकारात मिळालीच पाहिजे!’ पुण्यात हे ऐकून कान किटले.

विद्यापीठाचं सोपं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ कायद्यानेच उभं आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवस थांबा, देणगी स्वीकारल्याचा व्यवस्थापन परिषदेचा ठराव मागा. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

घोळ होतो तो अनुदानित कॉलेजात. कॉलेज आणि ते चालवणारी संस्था यांचं फाटक एक, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. सरकारचं वेतन अनुदान कॉलेजच्या खात्यात दिसतं. माजी विद्यार्थ्याने सभागृहासाठी दिलेला चेक मात्र बहुधा संस्थेच्या नावाने निघतो, कारण नोंदणीकृत न्यास तीच आणि ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावतीही तीच देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात, सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणाऱ्या संस्थांना माहिती अधिकार लागू होतो म्हटलं खरं. पण ‘भरीव’ म्हणजे किती, हा वाद दर वेळी नव्याने घालावा लागतो.

त्यापेक्षा धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठा. १९५० च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली संस्थेला लेखापरीक्षित हिशेब तिथे द्यावे लागतात. आता खरी मेख. लोक अनुसूची ९, म्हणजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता उघडतात, देणग्यांपुढे किरकोळ रक्कम बघतात आणि ‘दडवलं’ म्हणून बोंब ठोकतात. अहो, कायम निधीसाठी, म्हणजे मुद्दल राखून ठेवण्यासाठी दिलेली देणगी त्या तक्त्यात येतच नाही! ती अनुसूची ८ मध्ये, ताळेबंदात, विश्वस्त निधीच्या रकान्यात जाऊन बसते. दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले की तो निधी किती फुगला ते दिसतं. नावं तिथेही सापडत नाहीत. देणगीदारांचा तपशील आयकर खात्याकडे जातो, तो तुमच्या-माझ्यासाठी नसतो.

(प्रवेशाच्या वेळी टेबलाखालून मागतात ते यात कालवू नका. त्याला १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे.)

आणि कोनशिलेचे फोटो पुरावा म्हणून पाठवणं थांबवा. जमखंडी संस्थानच्या पटवर्धनांचं औदार्य सर परशुरामभाऊ (स. प.) महाविद्यालयाच्या नावातच आहे; नाव कळल्याने हिशेब कळत नाही. मला तर नावापेक्षा अटींत रस आहे. देणगीपत्राची प्रत मागा, देणगीतून उभ्या राहिलेल्या अध्यासनावर (प्राध्यापकपदावर) कोणाला नेमायचं यात देणाऱ्याचा शब्द चालणार का, ते बघा.