किशोरवयातील चिंता, विखुरलेले लक्ष आणि ऑनलाइन मानसोपचार

वर्गात खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या, वह्या अपुऱ्या ठेवणाऱ्या आणि प्रश्न विचारताच गोंधळून जाणाऱ्या मुलाबद्दल ‘त्याचे लक्षच नसते’ असे शिक्षक आणि पालक सहज म्हणून जातात. या तक्रारीमागे दोन अगदी निरनिराळ्या अवस्था असू शकतात. चिंताविकार असलेल्या मुलाचे लक्ष ‘मी चुकलो तर काय होईल’ या विचाराने व्यापलेले असते, तर एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) असलेल्या मुलाला मन एका कामावर टिकवून धरणेच जड जाते, मग त्या कामाची भीती असो वा नसो. म्हणूनच एडीएचडीचे निदान करताना लक्षणे वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून आहेत का आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे तपासले जाते. अनेक मुलांमध्ये या दोन्ही अवस्था एकत्र असतात, आणि तेव्हा उपचार ठरवणे अधिक नाजूक होते.

भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. मुलांच्या मानसोपचारातील तज्ज्ञ मात्र बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबासाठी दर आठवड्याला शहर गाठणे म्हणजे पालकाचा रोज बुडणे आणि मुलाची शाळा बुडणे. ऑनलाइन उपचाराकडे इतक्या आशेने पाहिले जाते ते यामुळे, आणि ही आशा कितपत रास्त आहे हे दोन्ही त्रासांसाठी वेगवेगळे तपासले पाहिजे.

चिंतेच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात सुसान स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १२ ते १८ वयाच्या ११५ चिंताग्रस्त मुलांवर ‘ब्रेव्ह’ या इंटरनेटवरील उपक्रमाची चाचणी घेऊन २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांना ऑनलाइन, काहींना दवाखान्यात समोरासमोर उपचार मिळाले आणि काही प्रतीक्षायादीत होती. वर्षभरानंतर, उपचार आणि तपासणी पूर्ण करणाऱ्या मुलांपैकी मुख्य चिंताविकारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ऑनलाइन गटात ७८ टक्के, तर दवाखान्यातील गटात सुमारे ८१ टक्के होते. या उपक्रमात मुलांना संगणकासमोर एकटे सोडलेले नव्हते, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. त्यांनी लिहिलेली उत्तरे वाचणारा आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणारा प्रशिक्षित उपचारक होता, शिवाय पालकांसाठी वेगळी सत्रे होती. माझ्या मते पालकांनी कोणतीही सेवा निवडण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा, की पलीकडे माणूस कोण आहे आणि त्याचे शिक्षण काय आहे.

पडद्यावरून हे साधते कसे, याचे उत्तर ‘ब्रेव्ह’मध्ये वापरलेल्या सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीच्या रचनेत आहे. चिंता टिकून राहते ती टाळण्यामुळे. भीतीची गोष्ट टाळली की लगेच सुटकेचा नि:श्वास मिळतो आणि मेंदू टाळणेच शिकतो. म्हणून उपचारात भीतीचे प्रसंग सौम्य ते तीव्र अशा क्रमाने लिहून काढले जातात. वर्गात बोलायला घाबरणाऱ्या मुलीच्या यादीत आधी मैत्रिणीला फोन करणे, मग दुकानदाराला वस्तूचा भाव विचारणे, पुढे शिक्षकांना तासानंतर एक शंका विचारणे आणि शेवटी भर वर्गात हात वर करणे असे टप्पे असू शकतात. प्रत्येक वेळी ती आधी ‘काय होईल असे वाटते’ ते लिहिते आणि नंतर ‘काय झाले’ ते नोंदवते. खरे काम दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत, मुलीच्या स्वतःच्या जगात घडते, आणि उपचारकाचा दवाखाना तिच्या गावापासून किती दूर आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही.

समाजभय असलेल्या मुलांसाठी मात्र पडदा दुधारी ठरतो. कॅमेरा बंद ठेवून केलेले सत्र हेही एक टाळणेच असते, आणि सतत स्वतःचा चेहरा पाहत बोलल्याने ‘मी कसा दिसतो’ ही धास्ती वाढू शकते. अनुभवी उपचारक याचाच उपयोग करून घेतात. मुलाला बोलतानाचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवण्यापूर्वी ‘तुझे हात किती थरथरले असतील?’ असे विचारले जाते आणि मग ते चित्रण एखाद्या अनोळखी व्यक्तीचे असल्यासारखे पाहायला सांगितले जाते. मनातली प्रतिमा आणि पडद्यावरची व्यक्ती यांतले अंतर मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

लक्षाच्या अडचणींबाबत इतका विश्वास मला वाटत नाही. ज्या उपकरणावर खेळ, संदेश आणि व्हिडिओ आहेत त्याच उपकरणावर मुलाने तासभर एका चेहऱ्याकडे पाहावे, ही अपेक्षाच त्याच्या अडचणीच्या विरुद्ध जाते. सत्र छोटे असावे, ठरलेल्या गोष्टी बोलता बोलताच पडद्यावर लिहिल्या जाव्यात, गृहपाठ एकच असावा आणि त्याची आठवण मधल्या दिवसांत संदेशाने यावी. शेवटची काही मिनिटे पालकही बसले तर उत्तम. ‘खेळून लक्ष वाढवा’ अशा जाहिरातींपासून सावध राहायला हवे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘एंडेव्हर-आरएक्स’ या व्हिडिओ गेमला मान्यता दिली. त्यामागच्या ३४८ मुलांच्या चाचणीत संगणकावरील लक्षचाचणीचे गुण सुधारले, पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत, साधा शब्दखेळ खेळलेल्या मुलांच्या तुलनेत, ठळक फरक पडला नाही. पालकांना हवे असते ते वेळेवर भरलेले दप्तर आणि पूर्ण झालेला अभ्यास.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती घरातल्या जागेची. दोन खोल्यांच्या घरात आजी पलीकडे बसलेली असताना मुलगा मनातले बोलणार कसा? हेडफोन लावून प्रश्न फक्त मुलाला ऐकू जातील अशी व्यवस्था करणे, हो-नाही उत्तरांचे प्रश्न विचारणे, अवघड मजकूर टाइप करून घेणे असे उपाय उपचारक योजतात. मूल काय बोलले हे पालकांना किती सांगायचे, हेही पहिल्याच भेटीत दोघांसमोर ठरवलेले बरे. आपत्कालीन वेळेसाठी त्याच भेटीत घराचा पत्ता आणि पालकांचा क्रमांक न मागणारी सेवा मी निष्काळजी समजेन.

काही गोष्टींसाठी मात्र प्रत्यक्ष डॉक्टर गाठावाच लागतो. दृष्टी, श्रवण, थायरॉइड किंवा झोपेच्या त्रासामुळेही लक्ष उडते, आणि ते पडद्यावरून तपासता येत नाही. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध भारतात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत मोडते, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अशी औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. कोणाकडे जावे हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मुलाच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ऑनलाइन सत्राच्या ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याला तातडीने जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.