रेलिंगला गंज आला, असा फोन करण्याआधी

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "स्टील सांगून लोखंड बसवलंत की काय?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो येतो. महिन्याभरापूर्वी बसवलेलं जिन्याचं रेलिंग, वर चकचकीत आणि खाली पायांजवळ तांबूस ठिपके. आम्ही एकच विचारतो, फरशीला ॲसिड कधी मारलं? पलीकडे जरा शांतता होते.

सगळं त्यातच आहे, म्हणून ते आधी सांगतो. बाकीचं मागाहून वाचलंत तरी चालेल.

स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच, फक्त त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. या क्रोमियमला हवा लागली की दुधावर साय धरावी तसा त्याच्या ऑक्साइडचा थर वर धरतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ, काही नॅनोमीटरचा. पण गंज अडवतो तो हाच. ओरखडा गेला तरी हवा लागून साय पुन्हा धरते, म्हणून रेलिंगला रंग द्यावा लागत नाही. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला गवंडी जे ॲसिड ओततो ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. त्यातला क्लोराइड ही साय फोडतो आणि पुन्हा धरू देत नाही. मग तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

"आम्ही रेलिंगवर ॲसिड सांडलंच नाही," हे आम्ही नेहमी ऐकतो आणि ते खरंही असतं. पण ॲसिडची वाफ उठते. जिन्याची खिडकी बंद, हवा पावसाळी. ती वाफ रात्रभर पाइपवर बसते आणि सकाळी डाग तयार. वेल्डिंगनंतर सांध्यांवरचा काळेपणा काढायला आम्हीही ॲसिडची पेस्ट लावतो, हे काही ग्राहकांनी पाहिलंय. ती नायट्रिक जातीची असते, नेमक्या वेळाने भरपूर पाण्याने धुतली जाते आणि साय धरायला मदतच करते. दोन्ही ॲसिडं एकच समजू नका.

तेव्हा क्रम असा ठेवा: फरशी, मग ॲसिड, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुणं, रंगकाम, आणि सगळ्यात शेवटी रेलिंग. मुंबईहून घर बांधून घेणाऱ्यांची अडचण आम्हाला कळते. गणपतीच्या आधी घर दिसायला हवं, म्हणून आधी आम्हाला बोलावलं जातं आणि फरशीवाला मागून येतो. तारीख पुढे ढकला असं आम्ही म्हणतो तेव्हा ती चालढकल नसते. जागेवर बफिंग करून एका जिन्याचे डाग काढायला दोन माणसांचा अख्खा दिवस जातो, आणि नव्या भिंतींवर काळी धूळ बसते ती वेगळीच. ॲसिडच्या डागांसाठी दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही घेतो. बिलावर तसं छापलेलंही आहे.

ॲसिड उडालंच तर वाट बघू नका. लगेच पाणी ओता, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. लोखंडी तारेची घासणी मात्र अजिबात नको, तिचे कण पाइपमध्ये रुतून स्वतःच गंजतात. शेजारी लोखंडी ग्रीलवर कटर चालला असेल, तर त्या ठिणग्यांचंही तसंच. आणि चिऱ्याची लाल धूळ बसली असेल तर ओल्या फडक्याने पुसून बघा. पुसून गेली तर तो गंज नव्हता. असेही फोन येतात!

आता लोहचुंबक. खिशात चुंबक घेऊन येणाऱ्यांचं स्वागत आहे, पण त्याने तुम्हाला हवं ते कळत नाही. ३०४, २०२, ४३० हे स्टेनलेसचे ग्रेड, म्हणजे प्रकार. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसा २०२ लाही चिकटत नाही. उलट ३०४ चा पाइप वाकवला की त्या वळणावर थोडी ओढ जाणवते. आणि ४३० ला चुंबक घट्ट चिकटतो, तरी तेही स्टेनलेसच. फरक घटकांत आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. आमच्याकडे तपासणीचं औषध आहे. एक थेंब टाकून बॅटरीचा करंट दिला की मँगनीजवाल्या पाइपवर लाल रंग उठतो. हवं तर तुमच्यासमोर करून दाखवतो, दुसरीकडून आणलेल्या पाइपवरसुद्धा.

२०२ वाईट आहे असं नाही. आतल्या खोलीतल्या मांडणीला, टॉवेलच्या दांडीला आम्हीही ते वापरतो. पण समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीला ते आम्ही लावत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरी. तिथे ३०४ वरही खाऱ्या वाऱ्याने चहा सांडल्यासारखे डाग येतात. त्यातही गंमत अशी की पावसात भिजणारा भाग स्वच्छ राहतो आणि छपराखालचा डागाळतो, कारण तिथलं मीठ धुऊन जात नाही. पंधरा दिवसांतून एकदा साधं पाणी आणि फडकं मारलंत तरी पुष्कळ. लाटांचा तुषार पोचत असेल तर ३१६ ग्रेड घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. दर ऐकून बसायला खुर्ची देतो.

दरावरून आठवलं. "समोरचा फुटाला कमी सांगतो," असं असेल तर पाइपची जाडी विचारा. दोन इंची गोल पाइप दीड मिलिमीटर जाडीचा असेल तर ६ मीटरची लांबी ११ किलोच्या आसपास भरते, १.२ मिलिमीटरचा असेल तर ९ किलोच्या जवळपास. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या कोटेशनवर ग्रेड आणि जाडी लिहिलेली असते. त्याच्याकडूनही लिहून घ्या आणि मग ठरवा.

डागांचे फोटो पाठवताना दोन पाठवा, एक जवळून आणि एक अख्ख्या जिन्याचा. सोबत फरशीचं काम कोणत्या तारखेला झालं तेही कळवा.