तोंडचं पाणी पळतं तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गणेशोत्सवात मी तानपुऱ्यावर बसणार होते. गाणारी मुलगी आमच्याच गल्लीतली, संगीताच्या दुसऱ्या वर्षाला. स्टेजमागे कनातीच्या आडोशाला एक टेबलफॅन, दोन खुर्च्या आणि प्रसादाच्या मोदकांचे डबे. वीस मिनिटांत तिने चौथ्यांदा विचारलं, "काकू, पाणी आहे का?" बाटली तिच्याच हातात होती, अर्धी संपलेली. तानपुऱ्याचा सूर गुंजावा म्हणून खर्जाच्या तारेखाली घालतात तो जवारीचा दोरा सरकवायला गेली, तर तो चिमटीत धरता येईना. मी बोटांना हात लावला तर बर्फ. बाहेर ऑगस्टचा ग्वाल्हेरचा उकाडा, आणि हिची बोटं गार.

तोंडचं पाणी पळणं, हातपाय गार पडणं, पोटात गोळा येणं, छातीत धडधडणं, पाय लटपटणं. मराठीत भीतीचे जेवढे वाक्प्रचार आहेत, ते एकापुढे एक मांडले तर शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान तयार होतं. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींना हुकूम सोडतो आणि रक्तात अॅड्रेनलिन उतरतं. हृदय जोरात पंप करू लागतं. कातडीकडचं रक्त आखडून मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून बोटं गार. जठराकडचा पुरवठा कमी होतो, म्हणून गोळा. पातळ लाळ आटते आणि उरते ती चिकट, म्हणून तोंडचं पाणी पळतं. ही तहान नव्हेच, त्यामुळे पाण्याच्या बाटलीने ती भागत नाही. उलट ऐन मध्यलयीत उठावं लागतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सगळ्या व्यवस्थेला 'लढा किंवा पळा' असं नाव दिलं. वाघ समोर आला तर उपयोगी. समोर सतरंजीवर बसलेल्या आजी-आजोबांशी लढायचंही नसतं आणि त्यांच्यापासून पळायचंही नसतं, ही पंचाईत.

गाणाऱ्याची पंचाईत तर दुहेरी. सतारियाची बोटं कापली तर सतार तरी जागेवर असते. गाणाऱ्याचं वाद्य त्याच शरीरात. पेटीतल्या काळी पाच या पट्टीच्या षड्जावर बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 233 वेळा एकमेकांवर आपटत असतात, आणि त्यांचा ताण सांभाळणारे स्नायू अगदी बारीक. भीतीने मान-खांदे आवळले की स्वरयंत्र वर ओढलं जातं, श्वास छातीतच अडकतो, स्वर चढा लागू लागतो. त्या संध्याकाळी तसंच झालं. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात यमन राग सुरू झाला, पण विलंबित राहिला नाही. तिसऱ्या आवर्तनापर्यंत लय इतकी चढली की तबलजींनी ठेक्यात किंचित रेलून तिला मागे ओढलं. हे तिला कळलंही नसेल. शरीर उत्तेजित असलं की आतलं घड्याळ पुढे पळतं. गाणाऱ्याला वाटतं, ठेकाच रेंगाळतोय.

घरी मात्र हाच यमन तिला झोपेत येत होता. मग स्टेजवर कुठे जातो? हात बसलेलं काम मेंदू विचाराच्या खात्यातून काढून सवयीच्या खात्यात टाकतो. तबल्यावर 'तिरकिट' वाजवणारा कुठलं बोट केव्हा पडलं हे बघत नाही. बघायला लागला की बोटं एकमेकांत अडकतात. भीती नेमकं हेच करते, प्रत्येक हरकतीवर पहारेकरी बसवते. आपल्या गाण्यात तर जागच्या जागी सुचावं लागतं. चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्राऊन यांनी 2008 साली जाझ वाजवणाऱ्या 6 पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून पियानो वाजवायला लावला. पाठ केलेली रचना सोडून त्यांनी उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते, सुरू केली, की कपाळामागच्या मेंदूतला स्वतःवर नजर ठेवणारा भाग शांत झालेला दिसला. सहाच माणसं आणि तीही जाझवाली, तेव्हा लगेच ख्यालापर्यंत उडी मारू नये. पण 'गाताना आपण नसतोच' असं बुजुर्ग गवई म्हणतात तेव्हा मला तो एमआरआय आठवतो.

ज्यांची नावं जगाने डोक्यावर घेतली, त्यांचीही यातून सुटका नाही. बार्ब्रा स्ट्रायसंड 1967 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हजारो लोकांसमोर गाण्याचे शब्द विसरली, आणि मग जवळजवळ 27 वर्षं तिने तिकिटाचे जाहीर कार्यक्रम टाळले. पियानोवादक ग्लेन गूल्ड 1964 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मैफल कायमची सोडून स्टुडिओत जाऊन बसला.

यावर गोळी आहे, आणि ती गुपचूप खाल्ली जाते. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल तयार केलं, पुढे 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. हृदय आणि स्नायूंवरच्या ज्या कुलपांना अॅड्रेनलिनची किल्ली लागते, तीच कुलपं हे औषध अडवून धरतं. मनात भीती असते, पण हात कापत नाही. व्हायोलिनच्या गजाला यापेक्षा जास्त काय हवं? अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या 2,212 वादकांची 1987 साली पाहणी झाली, त्यात 27 टक्क्यांनी असं औषध कधी ना कधी घेतल्याचं सांगितलं. मात्र दमेकऱ्याच्या श्वासनलिका याने आवळू शकतात, आणि आधीच मंद असलेली नाडी आणखी मंदावते. त्यामुळे 'माझ्याकडे एक आहे, घे' असं म्हणून ग्रीनरूममध्ये वाटायची ही चीज नव्हे. डॉक्टरला विचारूनच.

गोळीवाचूनही बरंच जमतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली लोकांना अनोळखी माणसासमोर गायला लावलं. गुण द्यायचं काम व्हिडिओ गेमचं. गाण्याआधी ज्यांनी 'मी घाबरलोय' म्हटलं, त्यांना सरासरी 53 टक्के मिळाले. 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांना सुमारे 80. यातली मेख अशी की धडधड दोन्हीकडे तीच. घाबरलेल्याला 'शांत हो' सांगणं म्हणजे भरधाव टांग्याला एकदम लगाम खेचणं. त्यापेक्षा टांगा त्याच वेगात दुसऱ्या रस्त्याला वळवणं सोपं. आमच्याकडे मात्र स्टेजमागे येऊन प्रत्येक जण सांगतो, "अगं, टेन्शन नको घेऊ." मीही त्या दिवशी तेच सांगितलं.

श्वास हा दुसरा उपाय. श्वास सोडताना हृदय जरा सावकाश होतं, घेताना जरा जलद; लांबवून सोडला तर हे जास्त जाणवतं. पहाटे खर्ज लावून बसणारे गवई दुसरं काय करतात? एका दमात, जितका पुरेल तितका लांब स्वर. आवाज कमावण्यासाठी सुरू झालेल्या या पद्धतीने कितीतरी जणांची नाडीही ताळ्यावर ठेवली असेल, असा माझा तर्क आहे.

ग्वाल्हेरातच हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. डिसेंबरात तानसेन समारोहाला आलेले पाहुणे हळूच दोन पानं तोंडात टाकताना मी पाहिलेत. आवाजाचं माहीत नाही, पण आंबट पाला जिभेवर पडला की लाळ सुटते, आणि घाबरलेल्या गवयाला हवी असते ती नेमकी तीच. शिवाय गाण्याआधी ठरलेला एखादा विधी केला की भीती उतरते, असं ब्रूक्स यांच्याच पुढच्या प्रयोगात दिसलं. चिंच, गुरूंच्या फोटोला नमस्कार, डावा पाय आधी. हसण्यावारी नेऊ नये.

इथपर्यंतची गोष्ट स्टेजच्या भीतीची. ती त्रासाची असली तरी कार्यक्रम संपला की उतरते. त्या मुलीची उतरली नाही.

दिवाळीनंतर ती क्लासला जायची थांबली. रात्री तीन-तीनपर्यंत जागी, दुपारी पडून. घरात निदान झालंच होतं, "रियाझ कमी पडतोय." क्लासमध्येही तेच. आवाज बसला, रियाझ कमी. ताल सुटला, रियाझ कमी. रडू येतंय, तरी रियाझ कमी. मग ती चार तासांची सहा तास बसू लागली. एकदा जिन्यावर भेटली तेव्हा समेबद्दल, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेबद्दल, म्हणाली, "काकू, सम येते ना, तेव्हा काही वाटतच नाही."

हे वाक्य ऐकून मी चरकले. 2011 साली मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी, आवडतं संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा 8 जणांचे मेंदू तपासले होते. आवडीची जागा 'आता येणार' अशी चाहूल लागताच मेंदूच्या एका भागात डोपामिन सुटत होतं, आणि ती प्रत्यक्ष आली की दुसऱ्याच भागात. समेची वाट पाहणं आणि समेवर येणं, ही गंमत मैफलीतला प्रत्येक डोलणारा श्रोता जाणतो. नैराश्यात हीच व्यवस्था मंदावते. भीतीत सगळं जरुरीपेक्षा जास्त जाणवतं. इथे जाणवायचंच थांबतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, झोप-भूक बिघडलेली, आणि आवडीच्या गोष्टीतला रस गेलेला, असं असेल तर तो रियाझाचा प्रश्न राहत नाही. उलट ज्या गोष्टीतून काही मिळेनासं झालंय, तीच सहा तास करायला लावणं म्हणजे माणसाला रोज सहा तास आपल्या अपयशाचा पाठ घोकायला लावणं.

हा हट्ट येतो कुठून? ग्वाल्हेरमध्ये त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. शिंदे दरबारचे गवई हस्सूखाँ यांची आख्यायिका इथे प्रत्येक शागिर्द ऐकतो. भरमैफलीत 'कडक बिजली'ची तान घेताना त्यांची बरगडी सरकली, तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबक्ष यांनी आपल्या शालीने ते पुसलं आणि म्हणाले, मरायचंच आहे तर तान पुरी करून मर. नातवाने ती पुरी केली, आणि पुढे त्यातच दगावला. खरं-खोटं देव जाणे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर अभिमानाने काटा यायचा. आता आजोबांचा राग येतो. ख्यालाचं सगळ्यात जुनं घराणं आमचं हे सोळा आणे खरं, पण ही गोष्ट आपण पोरांना कशासाठी सांगतो, हे एकदा तपासायला हवं.

आकडे काय सांगतात? ब्रिटनमध्ये 2016 साली 2,211 संगीत व्यावसायिकांना विचारलं तेव्हा 71 टक्क्यांनी तीव्र चिंता किंवा पॅनिकचे झटके आणि जवळजवळ 69 टक्क्यांनी नैराश्य अनुभवल्याचं सांगितलं. मोठे आकडे आहेत, पण असे फॉर्म ज्याला दुखतंय तोच आधी भरतो, हे विसरू नये. मग संगीतच माणसाला आजारी पाडतं का? स्वीडनमध्ये 2019 साली दहा हजारांहून जास्त जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाजवणाऱ्यांनी मनाच्या तक्रारी थोड्या जास्त सांगितल्या; पण एक भावंड वाजवणारं आणि दुसरं न वाजवणारं अशा जोड्या ताडून पाहिल्यावर फरक उरला नाही. म्हणजे बोट वाद्याकडे कमी आणि घरातून, रक्तातून आलेल्या घडणीकडे जास्त. हळवेपणा आणि सुरांची ओढ कदाचित एकाच वाटेने येतात. त्यावर व्यवसाय आपली भर घालतो: रात्री बारापर्यंत चढलेलं शरीर पहाटेपर्यंत उतरत नाही, वरातीच्या हंगामात पैसा आणि चातुर्मासात शुकशुकाट, आणि एका गुरूची मर्जी म्हणजे शिक्षण, ओळख, पुढचा कार्यक्रम सगळंच.

उपचार आहेत. विचारांची आणि सवयीची गाठ सोडवणारी बोलण्याची थेरपी भीतीवरही चालते आणि नैराश्यावरही. गरज पडली तर औषधं, ती काही आठवड्यांनी लागू पडतात. अडचण तिथवर पोचण्याची आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. देशात दर शंभर प्रौढांत साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मनोविकार होता, आणि त्यातल्या बहुतेकांवर काहीच उपचार चालू नव्हते. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चालू आहे. फोन फुकट, कुठल्याही वेळी, मराठीतही बोलता येतं. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीने तो लावला नाही, तिच्या आत्याने लावला.

ती अजून स्टेजवर गेलेली नाही. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. गुरुवारी बायकांच्या भजनी मंडळात मागे बसून टाळ धरते; रियाझ अर्धा तास, तोही मनात आला तर. गेल्या गुरुवारी अभंगाचं धृपद तिसऱ्यांदा फिरून समेवर आलं आणि तिने टाळ थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"काकू," म्हणाली, "आत्ता लागली."

पेटीवाल्या मावशींनी डोळे वटारले, तशी तिने पुन्हा टाळ धरला.