जर्मनीत शिक्षण ‘फुकट’ म्हणजे किती फुकट?

‘जर्मनीत शिकायला फक्त विमानाचं तिकीट काढा,’ ही दादर-ठाण्याकडे हमखास ऐकू येणारी थाप. अर्धीच खरी. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत; पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येईल अशा खात्यात, वर्षाचा खर्च आधीच भरावा लागतो. २०२५मध्ये तो होता ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. घरभाडं, विमा, किराणा सगळं त्यातच.

रविवारी दुकानं बंद, तेव्हा कांदे-बटाटे शनिवारीच आणायचे. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की पावती येते, ती बिलातून वळती होते. आपल्या भंगारवाल्यापेक्षा हिशेब चोख, बरं का!