व्हॉल्व्हच्या पोलादात क्रोमियम कसे आले

गरम वाफेच्या लाइनवर डब्ल्यूसीबीचा (साधे ओतीव कार्बन पोलाद) व्हॉल्व्ह बसवायचा, की डब्ल्यूसी६ किंवा डब्ल्यूसी९चा (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेली ओतीव पोलादे), हे आज तक्ता पाहून ठरते. त्या तक्त्यातल्या मर्यादांपैकी काही फुटलेल्या पाइपांमुळे आखल्या गेल्या आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेचे तापमान वाढू लागले, तेव्हा आधी बीडाचे व्हॉल्व्ह बाद झाले. अतितप्त वाफेत बीड हळूहळू फुगते आणि त्याला चिरा पडतात. त्याची जागा ओतीव कार्बन पोलादाने घेतली. पुढची अडचण क्रीपची होती: ताणाखाली असलेला तापलेला धातू वर्षानुवर्षे सावकाश लांबत जातो. पोलादात अर्धा टक्का मॉलिब्डेनम घातल्यावर हे लांबणे पुष्कळ कमी झाले, आणि तेवढे पुरेसे वाटले.

जानेवारी १९४३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल वीजकेंद्रात अशाच कार्बन-मॉलिब्डेनम पोलादाची वाफेची लाइन फुटली. सुमारे ५०५ अंश सेल्सिअसला ती जेमतेम पाच-साडेपाच वर्षे चालली होती. वेल्डिंगच्या उष्णतेने बाधित झालेल्या पट्ट्यात कार्बाइड (पोलादातले लोह आणि कार्बनचे संयुग) मोडून ग्राफाइट झाले होते, त्याचे कण एका रांगेत जमले होते आणि त्या रांगेतच धातू फाटला. मॉलिब्डेनम ताकद देते. कार्बाइड टिकवून धरायला क्रोमियम लागते. तेव्हापासून जास्त तापमानासाठी क्रोम-मॉलीकडे, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम दोन्ही असलेल्या पोलादांकडे, कल वळला. डब्ल्यूसी६ मध्ये साधारण सव्वा टक्का क्रोमियम असते, डब्ल्यूसी९ मध्ये सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

बी१६.३४ या व्हॉल्व्हच्या अमेरिकी मानकात डब्ल्यूसीबीला ४२५ अंशांपुढे दीर्घकाळ वापरू नये, अशी टीप आहे. माझ्या मते त्या पानावरची सर्वांत मोलाची ओळ तीच, कारण दाबाचे आकडे ४२५च्या पुढेही छापलेले आहेत आणि घाईत नजर आकड्यांवरच थांबते.

तेलशुद्धीकरणात कारणे वेगळी होती. गरम तेलातल्या गंधकासाठी पाच आणि नऊ टक्के क्रोमियमची पोलादे आली. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून कार्बनशी मिथेन बनवतो आणि धातू आतून पोखरतो; कोणते पोलाद कुठवर टिकते याचे वक्र जॉर्ज नेल्सन यांनी १९४९ मध्ये मांडले.

ओक रिज प्रयोगशाळेच्या १९७०च्या दशकातल्या कामातून ग्रेड ९१ हे नऊ टक्के क्रोमियमचे पोलाद आले. ओतीव व्हॉल्व्हमध्ये त्याला सी१२ए म्हणतात. त्याची सारी ताकद उष्णतोपचारावर, म्हणजे ठरावीक पद्धतीने तापवून थंड करण्यावर, अवलंबून असते. तो चुकला तर रासायनिक पृथक्करण अचूक असूनही क्रीपला टिकण्याची क्षमता खूप घसरते. म्हणून सी१२ए घेताना रासायनिक प्रमाणपत्राबरोबर उष्णतोपचाराचा आलेख आणि कडकपणाचे आकडेही मागवावे लागतात.