पुराभूकंपविज्ञान

भूकंपमापक यंत्रे येण्यापूर्वी झालेल्या भूकंपांचा जमिनीत उरलेल्या खुणांवरून माग काढणारी भूविज्ञानाची शाखा. ते भूकंप कोणत्या सक्रिय विभंगावर, म्हणजे अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात सरकलेल्या व पुन्हा सरकू शकणाऱ्या भेगेवर, झाले हे ठरवणे हे तिचे मुख्य काम आहे. जुन्या लेखांतून तिथी आणि पडझड समजते. मात्र जेथे पडझड जास्त तेथेच विभंग असतो असे नाही.

१५ जानेवारी १९३४ चा बिहार–नेपाळ भूकंप या दृष्टीने फार बोलका आहे. सीतामढी–मधुबनी–पूर्णिया पट्ट्यात जमिनीतून वाळू आणि पाणी उसळले, घरे कलली व खचली, शेते वाळूखाली गेली. म्हणून भूकंपाचे केंद्र बिहारच्या मैदानाखाली असल्याचे मानले गेले. प्रत्यक्षात हा पाण्याने भरलेल्या सैल गाळाच्या द्रवीभवनाचा, म्हणजे हादऱ्यांनी गाळ द्रवासारखा वागू लागण्याचा, परिणाम होता. यंत्रांच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर केंद्र पूर्व नेपाळमध्ये असल्याचे दिसले, तरी जमीन फाटल्याची खूण सापडत नव्हती. ती अखेर हिमालयाच्या पायथ्याशी मिळाली. बर्दिबासजवळ सिर खोला या नदीने कापलेली दरड साफ करून पाहिली असता शिवालिकचे जुने खडक नदीच्या अलीकडच्या गोट्या-वाळूवर चढलेले आढळले. तुटलेले थर आणि त्यांच्यावरचे अखंड थर यांतील कोळशाच्या कणांचे कार्बनी कालमापन केले, तेव्हा एक भंग, म्हणजे विभंगावर जमीन फाटण्याची घटना, १९३४ चा आणि त्याआधीचा १२५५ चा ठरला. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

१२५५ च्या भूकंपात काठमांडू खोऱ्याचा राजा अभय मल्ल मरण पावल्याची नोंद नेपाळच्या वंशावळींत आहे. ही नोंद नसती तर नेमके वर्ष सांगता आले नसते, कारण कोळशाचे वय अनेक दशकांच्या मर्यादेतच कळते. आणि दरड नसती तर राजाचा जीव घेणारा भूकंप कोणत्या विभंगावर झाला ते समजले नसते. एकाच विभंगावरील या दोन घटनांत ६७९ वर्षांचे अंतर आहे, पण दोनच घटनांवरून पुढच्या भूकंपाचे वर्ष वर्तवता येत नाही.

दख्खनमध्ये हे काम अधिक अवघड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात भंग पृष्ठभागापर्यंत आला, पण तेथे दिसला तो जमिनीचा बुटका उंचवटा. त्यात चर खणून अभ्यास करावा लागला. खालचे जुने विभंग बेसाल्टच्या थरांनी झाकलेले आहेत, आणि नांगरटीच्या काळ्या रानात असा उंचवटा फार काळ टिकत नाही.