सेट बंद झाला म्हणून विटा बंद होत नाहीत

लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्याचा, एखादा सेट बाजारातून गेला की तो पुन्हा जमवणं अशक्य, कारण त्याचे तुकडेही कंपनी बंद करते, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चूक आहे. बंद होतो तो खोका. आतला बराचसा माल म्हणजे साध्या विटा आणि पट्ट्या, त्या इतर कितीतरी सेटांत असतात. आजच्या विटेच्या रचनेचं पेटंट १९५८ सालचं. तेव्हाची वीट आजच्या विटेवर अजूनही बसते.

तुकडा उलटा करून उजेडात तिरका धरा. आत बारीक आकडा दिसेल. २ बाय ४ च्या, म्हणजे दोन रांगांत चार-चार उंचवटे असलेल्या, विटेवर ३००१. तो आकार सांगतो, रंग नाही, आणि गफलत नेमकी इथे होते. २००४ च्या सुमारास लेगोने जुना करडा रंग बदलून निळसर झाकेचा करडा आणला. दोन्ही शेजारी लावले की भिंतीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

खरा घाम फोडतात ते मोजकेच तुकडे: छपाईचे, स्टिकरवाले, किंवा त्या आकारात क्वचितच निघालेल्या रंगाचे. आधी ते मिळवा, साध्या विटा मागाहून. (मी उलटं केलं. डबाभर विटा, आणि दार नाही!) पोटातल्या, न दिसणाऱ्या विटा मात्र कुठल्याही रंगाच्या चालतात.

सुटं घेतलं की स्वस्तच पडतं, हेही खरं नाही. दहा विक्रेत्यांकडून मागवलं की टपालखर्चही दहा वेळा.